आधी खोली, मग माईक

या वेळचा विषय माझ्या भाच्याने दिला. मागच्या महिन्यात रविवारी सकाळी तो डिंडोलीतल्या आमच्या घरी आला. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच त्याने मोबाईल पुढे केला. "मामा, यातला कुठला माईक घेऊ?" स्क्रीनवर सात माईक होते. सगळ्यात स्वस्त अडीच हजारांचा, सगळ्यात महाग अठ्ठावीस हजारांचा. नोकरी लागून वर्ष झालंय, चाळीस हजार रुपये साठवलेत, आणि वरच्या खोलीत स्टुडिओ करायचाय, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला उलट विचारलं, "रेकॉर्ड काय करणार?"

"अहिराणी रॅप," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि आजीची कानबाईची गाणी."

रॅपचं मला फारसं कळत नाही. पण दुसरी गोष्ट ऐकली आणि मी त्याला मोबाईल बाजूला ठेवायला सांगितलं. कारण हीच गोष्ट मी चार वर्षांपूर्वी करायला गेलो होतो आणि चुकलो होतो. ती चूक आज तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात होम स्टुडिओचा विचार घोळतोय, हे मला येणाऱ्या मेसेजवरून माहीत आहे.

माझी चूक

तेव्हा मी ऑनलाईन बरेच व्हिडिओ पाहून एक चांगला कंडेन्सर माईक मागवला. त्याच्याबरोबर इंटरफेस, स्टँड, सगळं आलं. आईला हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं, समोर माईक लावला आणि म्हटलं, म्हण. आई ओव्या म्हणायची, कानबाईची गाणी म्हणायची, लग्नातली हळदीची गाणी म्हणायची. जन्म धुळे जिल्ह्यातला, त्यामुळे गळ्यात हे सगळं होतंच. तासभर तिने म्हटलं. मी खूश.

रात्री हेडफोन लावून ऐकलं तेव्हा पंखा ऐकू आला. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. उधना-जळगाव मार्गावरून जाणारी मालगाडी ऐकू आली, तीही पूर्ण, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत. आणि आईचा आवाज जणू रिकाम्या पाण्याच्या टाकीतून यावा तसा घुमत होता. म्हटलं, ठीक आहे, पुढच्या महिन्यात नीट करू. पुढच्या महिन्यात लग्नसराई होती, नंतर आईचे गुडघे दुखत होते, नंतर मला कामातून वेळ नव्हता. पुढच्या पावसाळ्यात आई गेली.

आज आमच्याकडे तिच्या आवाजाचं तेवढंच एक तासाचं रेकॉर्डिंग आहे. घुमणारं, पंख्याचं, मालगाडीचं. आम्ही ते ऐकतो. पण मधली कितीतरी ओळ आम्हाला आता कळत नाही आणि विचारायला कोणी नाही.

माईक वाईट नव्हता. आजही तो माझ्याकडे आहे आणि छान चालतो. चूक खोलीची होती, आणि माझ्या 'पुढच्या महिन्यात'ची होती.

खोली काय करते?

आपल्याकडच्या रो-हाऊसमधली वरची खोली साधारण दहा बाय बाराची असते. खाली टाईल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टरच्या भिंती, एका बाजूला काचेची खिडकी. सगळं कडक. आवाज कडक पृष्ठभागावर आपटला की परत येतो.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. भिंत दीड मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तीन मीटर, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज माईकमध्ये एकदा सरळ पोचतो आणि साधारण नऊ हजारांश सेकंदानंतर भिंतीवरून पुन्हा पोचतो. मग दुसऱ्या भिंतीवरून, मग स्लॅबवरून. इतक्या कमी अंतराने आलेला आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि आवाज 'डब्यातला' वाटायला लागतो. एकदा मिसळला की कुठल्याही सॉफ्टवेअरने तो स्वच्छपणे वेगळा काढता येत नाही. म्हणून महाग माईक घेतला तर काय होतं? खराब खोली अधिक स्पष्ट ऐकू येते!

तुमची खोली तपासायची असेल तर मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर' असा धातूसारखा नाद आला, तर खोलीवर काम करायला हवं. मग तीच टाळी कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर वाजवा. फरक लगेच कळेल.

इथे एक गोंधळ दूर करू. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आहे आणि आतला आवाज घुमू न देणं हे दुसरं. पहिल्या कामाला वजन लागतं, म्हणजे जाड भिंत, दुहेरी काच, फटी बंद केलेलं दार. ते खर्चिक आहे आणि भाड्याच्या घरात तर अशक्यच. दुसऱ्या कामाला मऊ, जाड, हवा आत शिरू शकेल असं सामान लागतं, आणि ते स्वस्तात होतं. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून यातलं कुठलंच काम धड होत नाही. पातळ फोमचे चौकोन फक्त वरच्या पट्टीतले आवाज शोषतात. खालचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज उलट कोंदट वाटतो.

सुरतेत राहून कापडाची काय चिंता?

भाच्याबरोबर आम्ही पहिल्या रविवारी एक पैसाही खर्च न करता सुरुवात केली. घरातल्या दोन जाड गोधड्या दोरीवर टाकून गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि एका बाजूला टांगल्या. खाली सतरंजीवर गादी टाकली. खिडकीला जाड चादर लावली. एक लक्षात ठेवा, माईक ज्या दिशेने ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची बाजू, ती मऊ करणं सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक जण माईकच्या मागे फोम लावतात आणि गाणाऱ्याच्या मागची भिंत तशीच उघडी ठेवतात.

दुसऱ्या रविवारी पॅनेल बनवले. चार फूट बाय दोन फूट लाकडी चौकट, आत ५० मिलीमीटर जाडीचं रॉकवूल, वरून कापड. भिंतीला अगदी चिकटवण्याऐवजी दोन-तीन इंच अंतर ठेवून टांगलं, तर तेच पॅनेल खालच्या पट्टीतला आवाजही जास्त शोषतं. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घालायचे, त्याचे तंतू खाज आणतात.

कापड कुठलं? त्याची परीक्षा सोपी आहे. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर आवाजही जाईल. हवा अडली तर ते कापड आवाज परत पाठवेल, मग आतल्या रॉकवूलचा उपयोग कमी. आपल्या गावात कापडाला तोटा नाही. ओळखीच्या कुणाकडे तागा संपल्यावर उरलेला तुकडा सहज मिळतो. आमच्या पॅनेलला बहिणीने दिलेल्या जुन्या पडद्यांचं कापड लागलं.

बाहेरच्या आवाजाचं काय? तो अडवण्यापेक्षा चुकवायचा. भाच्याने दोन दिवस वही घेऊन नोंद केली, कधी गाडी जाते, कधी खालचा पंप चालतो, कधी शेजारी मिक्सर लागतो. दुपारी दोन ते चार हा वेळ सगळ्यात शांत निघाला. तुमच्या गल्लीत वेगळा असेल. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा आणि एसी बंद, शेजारच्या खोलीतला फ्रीज तेवढा वेळ बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर. फ्रीज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून स्कूटरची चावी फ्रीजमध्ये ठेवा, विसरणारच नाही!

आता माईक

माईक मुख्यतः दोन प्रकारचे. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचं छोटं वेटोळं जोडलेलं असतं. पडदा हलला की वेटोळं चुंबकात हलतं आणि वीज तयार होते. मजबूत, पडला तरी सहसा चालतो. स्टेजवर आपण सगळीकडे पाहतो तो शुअरचा एसएम ५८ याच जातीचा. तो १९६६ मध्ये बाजारात आला आणि आजही विकला जातो. कंडेन्सर माईकमध्ये अतिशय पातळ, विद्युतभारित पडदा असतो. तो बारीकसारीक तपशील टिपतो, पण त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात. इंटरफेसवर '४८ व्ही' असं लिहिलेलं बटण त्याचंच.

कुठला घ्यायचा? खोली चांगली शांत करता येत असेल तर कंडेन्सर. खोलीवर भरवसा नसेल, आणि गाणारा माईकच्या अगदी जवळ तोंड ठेवून गाऊ शकत असेल, तर डायनॅमिक. रॅपला डायनॅमिक उत्तम. पण आजी माईकला तोंड लावून बसणार नाहीत. त्या मांडी घालून बसणार, मान हलवणार, मध्येच हाताने ताल धरणार. त्यांच्यासाठी कंडेन्सर बरा.

अंतराचा एक हिशोब पाठ करून ठेवा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे तोंडापासून ६० सेंटीमीटरवर असलेला माईक १५ सेंटीमीटरवर आणला, तर आवाज १२ डेसिबलने चढतो, आणि खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. एवढा फायदा कुठलाही महाग माईक देत नाही आणि याला पैसेही लागत नाहीत. फार जवळ गेलात तर खर्ज वाढतो आणि 'प', 'फ' फुटतात. त्यासाठी मध्ये पॉप फिल्टर लावा आणि माईक तोंडाच्या किंचित बाजूला ठेवा.

इंटरफेस, हेडफोन आणि बाकीचं

इंटरफेस म्हणजे माईक आणि लॅपटॉप यांच्यामधला डबा. माईकमधली अगदी बारीक वीज तो वाढवतो आणि तिचे आकडे करून लॅपटॉपला देतो. दोन माईक लावता येतील असाच घ्या. एकट्याने रॅप करायला एक पुरतो, पण कानबाईच्या गाण्यात एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असतं, तिथे दुसरा माईक लागतोच.

सेटिंग सोपं ठेवा, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ. गाणाऱ्याला सगळ्यात मोठ्याने म्हणायला सांगा आणि सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. कमी आवाज नंतर वाढवता येतो. लाल दिव्यापर्यंत जाऊन फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर घूं-घूं ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गेली, तर अर्थिंगचा घोळ आहे, वायरमनला दाखवा.

स्पीकर आधी घेऊ नका. न सुधारलेल्या खोलीत चांगला स्पीकरही खोटं बोलतो. कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन घ्या. ब्लूटूथचे चालणार नाहीत, कारण त्यात आवाज उशिरा पोचतो आणि गाणारा तालातून सुटतो. सॉफ्टवेअरसाठी ऑडॅसिटी मोफत आहे, रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं. सुरुवातीला एवढं भरपूर झालं.

भाच्याच्या चाळीस हजारांची वाटणी शेवटी अशी ठरली, लॅपटॉप घरात होताच:

खोली आणि पॅनेल: ७,०००
कंडेन्सर माईक: ९,०००
दोन इनपुटचा इंटरफेस: १४,०००
हेडफोन: ५,०००
स्टँड, केबल, पॉप फिल्टर: ३,०००
बॅकअपसाठी दोन पेन ड्राईव्ह: २,०००

अठ्ठावीस हजारांचा माईक यादीतून गेला. त्याचं तोंड जरा उतरलं. तेव्हा मी त्याला बिली आयलिशची आठवण करून दिली, ती त्याची आवडती गायिका. तिचा २०१९ चा पहिला अल्बम भाऊ फिनियसबरोबर बहुतांशी लॉस एंजलिसमधल्या त्यांच्या आईवडिलांच्या घरात, एका छोट्या बेडरूममध्ये झाला, आणि २०२० च्या जानेवारीत त्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. खोली लहान असली तरी चालते. आपल्या खोलीत आवाज कसा वागतो ते मात्र माहीत हवं.

आजींना बसवताना

घरातल्या मोठ्या माणसांचं रेकॉर्डिंग हे वेगळं शास्त्र आहे. त्यांना खुर्चीवर ताठ बसवू नका. त्या रोज जिथे बसतात तसंच, जमिनीवर बसू द्या आणि स्टँड खाली आणा. त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवू नका, ते तुम्ही लावा. बरोबर म्हणणारी एखादी मावशी किंवा शेजारीण बोलवा. एकटीने, भिंतीकडे बघून ही गाणी येतच नाहीत. पहिला अर्धा तास गप्पांचा असतो, पण बटण तेव्हापासूनच दाबून ठेवा. मध्येच विसरल्या तर थांबवू नका, दुरुस्त करू नका.

सुरुवातीला तुम्ही स्वतः तारीख, गाव आणि म्हणणाऱ्याचं नाव बोला. गाणं संपलं की शब्दांचे अर्थ विचारा आणि तेही रेकॉर्ड करा. आमच्या हातून राहिलं ते हेच. आणि कुठे टाकायचं असेल तर आधी त्यांना विचारा. काही गाणी घरातली असतात, ती घरातच राहावीत असं त्यांना वाटू शकतं.

मूळ फाईल वेव्हमध्येच ठेवा. एका माईकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होतं, म्हणजे तासाला अर्धा जीबी. आजच्या काळात ही जागा काहीच नाही. दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी त्यांची गाणी वेळोवेळी उतरवून घेतली, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकात आली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर येत आहेत, कितीतरी ओव्या त्या बायांच्या स्वतःच्या आवाजात. कुणीतरी वेळेवर बसून लिहून घेतलं, टेप लावला, म्हणून ते राहिलं. खानदेश सोडून सुरतेला आलेल्या आपल्या घरांमधून मात्र ही गाणी एकेका आजीबरोबर जात आहेत. तिसऱ्या पिढीला ती समजत नाहीत, चौथीला ती होती हेही माहीत नसेल.

आणि शेवटी

गेल्या रविवारी दुपारी अडीच वाजता भाच्याच्या खोलीत आजी गादीवर बसल्या. जोडीला शेजारच्या दोघी. पंखा बंद, सगळ्यांना घाम, मध्ये मध्ये पाणी. पावणेदोन तास चाललं. एक मालगाडी तरीही आलीच, तेव्हा सगळ्या थांबल्या आणि हसल्या. तेही रेकॉर्डमध्ये आहे, राहू दिलं.

मग भाच्याने हेडफोन आजींच्या कानाला लावले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "हाऊ माना आवाज शे?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर पुन्हा ऐकत राहिल्या. मग हेडफोन काढून म्हणाल्या, तिसऱ्या गाण्यात एक कडवं राहिलं, उद्या परत बसू.

दुसऱ्या दिवशी भाचा ऑफिसातून लवकर आला आणि ते कडवं घेतलं. 'पुढच्या महिन्यात' म्हणाला नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. रोट होतील, रात्रभर गाणी होतील. तुमच्याकडे स्टुडिओ असो-नसो, त्याआधी एका दुपारी पंखा बंद करा, दोन गोधड्या टांगा, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून आजीपासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा आणि रेकॉर्डरचं बटण दाबा. चांगला माईक सहा महिन्यांनी घेतलात तरी चालेल.

पुढच्या अंकात: रेकॉर्ड झालेला आवाज साफ कसा करायचा, आणि कुठे थांबायचं. तुमच्या खोलीतली टाळी कशी वाजली, ते मात्र जरूर कळवा.